‘शॉर्ट टर्म १२’ : खान्देशातील प्रेक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतील शिक्षक, आश्रमशाळांचे अधीक्षक, बालगृहांतील काळजीवाहक, समाजकार्याचे विद्यार्थी आणि चित्रपटावर प्रेम करणारे वाचक या एका चित्रपटाविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे देताना चित्रपटाचा शेवटही सांगावा लागला आहे. ज्यांनी तो पाहिलेला नाही, त्यांनी पहिली पाच उत्तरे वाचून आधी चित्रपट पाहावा.

१. हा चित्रपट नेमका कशाविषयी आहे आणि तो कोणी केला?

‘शॉर्ट टर्म १२’ हा २०१३ सालचा अमेरिकन चित्रपट डेस्टिन डॅनियल क्रेटन यांनी लिहिला आणि दिग्दर्शित केला. घरात छळ झालेल्या, सोडून दिलेल्या किंवा सांभाळण्यास अवघड ठरलेल्या किशोरवयीन मुलांच्या एका निवासी गृहात तो घडतो. ग्रेस (ब्री लार्सन) ही तेथील पाळीची प्रमुख आणि मेसन (जॉन गॅलाघर ज्युनियर) हा तिचा सहकारी व जोडीदार. जेडन (केटलिन डेव्हर) ही मुलगी गृहात नव्याने दाखल होते, तर मार्कस (लकीथ स्टॅनफिल्ड) याला १८ वर्षे पूर्ण होत असल्यामुळे गृह सोडावे लागणार असते. नेट (रामी मलेक) हा नवा कर्मचारी कामावर रुजू होतो आणि त्याच्याबरोबर प्रेक्षकही त्या घरात पाऊल ठेवतो. बालपणी ग्रेसवर स्वतःच्या वडिलांकडून अत्याचार झालेला आहे, ते वडील आता तुरुंगातून सुटणार आहेत आणि ती गरोदर आहे. जेडनच्या येण्याने हे सारे एकदम वर येते.

२. म्हणजे हे आपल्याकडचे ‘रिमांड होम’ का?

नाही. आपल्याकडे सरकारी किंवा संस्थेने चालवलेल्या कोणत्याही बालसंस्थेला लोक सर्रास ‘रिमांड होम’ म्हणतात आणि त्यामुळे तेथे राहणाऱ्या मुलांवर नसलेल्या गुन्ह्याचा शिक्का बसतो. बाल न्याय अधिनियम, २०१५ मध्ये दोन वाटा स्पष्टपणे वेगळ्या केलेल्या आहेत. कायद्याचे उल्लंघन केल्याचा आरोप असलेली मुले बाल न्याय मंडळापुढे जातात आणि चौकशीच्या काळात गरजेनुसार निरीक्षणगृहात राहतात. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेली, म्हणजे अनाथ, सोडून दिलेली, हरवलेली, घरी छळ होणारी मुले बाल कल्याण समितीपुढे जातात आणि आवश्यक असल्यास बालगृहात ठेवली जातात. चित्रपटातील घर या दुसऱ्या प्रकाराला जवळचे आहे. ते अल्पकाळासाठी असले, तरी पुढची सोय लागत नाही म्हणून काही मुले तेथे अडकून पडलेली असतात, हेही आपल्या बालगृहांत काम करणाऱ्यांना ओळखीचे वाटेल.

३. ही सत्यकथा आहे का?

पात्रे आणि प्रसंग रचलेले आहेत. अनुभव मात्र खरा आहे. महाविद्यालयीन शिक्षणानंतर क्रेटन यांनी सॅन डिएगो येथील अशाच एका गृहात सुमारे दोन वर्षे काम केले होते. त्यावरून त्यांनी प्रथम याच नावाचा लघुपट केला आणि त्याला २००९ साली सनडान्स महोत्सवात परीक्षकांचा पुरस्कार मिळाला. लघुपटातील मध्यवर्ती कर्मचारी पुरुष होता. मोठा चित्रपट लिहिताना क्रेटन यांनी त्या जागी ग्रेस आणली, आणि माझ्या मते चित्रपटाला त्याची खोली याच निर्णयाने दिली, कारण त्यामुळे सांभाळणारी आणि सांभाळली जाणारी यांची दुःखे समोरासमोर उभी राहिली. या पटकथेला २०१० साली ऑस्कर देणाऱ्या अकादमीची निकोल शिष्यवृत्ती मिळाली होती.

४. ‘स्वतंत्र चित्रपट’ म्हणजे कमी पैशांत केलेला चित्रपट एवढेच ना?

पैसा हा त्याचा एक भाग आहे. मोठ्या स्टुडिओच्या भांडवलाशिवाय, दहा लाख डॉलरपेक्षा कमी खर्चात आणि सुमारे २० दिवसांच्या चित्रीकरणात हा चित्रपट पूर्ण झाला. त्याहून महत्त्वाचे असे की, कथेत काय ठेवायचे याचा निर्णय ज्याला ते काम माहीत होते त्याच्याच हाती राहिला. म्हणून येथे कोणी देवदूत होऊन येत नाही, एका भाषणाने कोणतेही मूल सुधारत नाही आणि संगीत रडण्याची आज्ञा देत नाही. मार्च २०१३ मध्ये साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवात त्याला कथापटांच्या स्पर्धेतील परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार आणि प्रेक्षकांचा पुरस्कार असे दोन्ही मिळाले. त्याच वर्षी लोकार्नो महोत्सवात ब्री लार्सन सर्वोत्तम अभिनेत्री ठरल्या. पुढे लार्सन आणि मलेक या दोघांनीही अन्य चित्रपटांसाठी ऑस्कर मिळवले.

५. घरी मुलांसोबत पाहता येईल का? इंग्रजी फारसे कळत नसेल तर?

लहान मुलांसोबत पाहू नये. लैंगिक अत्याचाराचे उल्लेख, स्वतःला इजा करून घेणे, आत्महत्येचा प्रयत्न आणि शिवराळ भाषा असे सारे त्यात आहे, आणि अमेरिकेतही त्याला प्रौढांच्या सोबतीची अट घालणारे प्रमाणपत्र मिळाले होते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना दाखवायचा असल्यास पालकांनी आधी एकट्याने पाहावा. ज्यांना स्वतः अशा अनुभवातून जावे लागले आहे, त्यांनी कोणीतरी विश्वासाचे सोबत असतानाच पाहावा. पाहून मन अस्वस्थ झाले तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या विनामूल्य क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही बोलता येते. भाषेची अडचण मात्र मोठी नाही. आधी कोणी मराठीत किंवा अहिराणीत कथेचा सांगाडा समजावून दिला, तर पुढचे बरेचसे चेहऱ्यांवरून कळते.

६. ग्रेस डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. मग ती नेमके काय काम करते?

हा प्रश्न सर्वाधिक येतो, आणि चित्रपटाचा गाभा याच प्रश्नात आहे. ग्रेस आणि मेसन यांना उपचार करण्याचा अधिकार नाही. मुलांना सकाळी उठवणे, औषधांच्या आणि जेवणाच्या वेळा पाळणे, खोल्या तपासणे, भांडण सोडवणे, संतापलेल्या मुलाला दुसऱ्याला किंवा स्वतःला इजा करू न देणे, आणि हे सारे झाल्यावर त्याच्याजवळ बसून राहणे हे त्यांचे काम आहे. उपचारतज्ज्ञ ठरलेल्या वेळी मुलाला भेटतो. उरलेला सारा दिवस आणि रात्र मूल काळजीवाहकाच्या नजरेसमोर असते. म्हणून मूल आधी त्यांच्यापाशी फुटते.

खान्देशात अशा कामाविषयी बोलताना साने गुरुजींचे नाव हमखास निघते. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिकवताना त्यांनी तेथील छात्रालय सांभाळले होते, आणि त्या आठवणीचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. परंतु त्या आदर्शाच्या आधारे आजच्या काळजीवाहकाकडून अमर्याद त्यागाची अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते. या चित्रपटाने दाखवलेली गोष्ट अशी की, मुलांना सांभाळणे हे पाळीत विभागलेले, शिकावे लागणारे आणि माणसाला झिजवणारे काम आहे. ग्रेस दिवसभर इतरांचे ऐकते आणि घरी आल्यावर मेसनला स्वतःविषयी एक वाक्यही सांगू शकत नाही. तिच्यासाठी कोणी बसलेले नाही. ज्या संस्थेत एकच काळजीवाहक दिवसपाळी संपवून रात्रपाळीलाही थांबतो, सुटी मागताना ओशाळतो आणि ज्याच्याशी त्याच्या मनावरील ताणाविषयी कोणी कधी बोलत नाही, तेथे मुलांवर आवाज चढणे, पुढे हात उचलणे हे फार दूर राहत नाही. संस्थेच्या विश्वस्तांनी हा चित्रपट पाहावा असे मी आग्रहाने म्हणतो, ते याच कारणासाठी.

नेटच्या पहिल्या दिवसाचा प्रसंगही येथे नोंदवण्यासारखा आहे. वंचित मुलांसाठी काम करण्याची फार दिवसांची इच्छा होती, असे तो सद्भावनेने मुलांसमोरच सांगतो आणि मार्कस भडकतो. आपल्याकडे बालगृहात वाढदिवस साजरा करण्यासाठी येणारे पाहुणे खाऊ वाटताना, छायाचित्रे काढताना मुलांच्या देखत जे बोलतात, ते या प्रसंगानंतर निराळे ऐकू येऊ लागते.

७. जेडन ऑक्टोपसची गोष्ट वाचून दाखवते. ग्रेसला त्यावरून इतके काय कळले?

जेडनने लिहिलेल्या गोष्टीत एका ऑक्टोपसची शार्कशी मैत्री होते आणि मैत्री टिकवण्यासाठी ती एकेक करून आपले सगळे बाहू त्याला खाऊ घालते. घरी वडील आपल्यावर अत्याचार करतात हे जेडन उघडपणे कधीच म्हणत नाही. ती गोष्ट सांगते. अत्याचार झालेली मुले बहुधा असेच बोलतात. चित्रातून, खेळातून, ‘माझ्या एका मैत्रिणीचं असं झालं’ म्हणून, पोट दुखते म्हणून, किंवा सुटीत घरी जायचे नाव काढताच गप्प होऊन. ग्रेस स्वतः त्यातून गेलेली असल्यामुळे तिला उलगडा लगेच होतो, मात्र गृहाचे प्रमुख असलेले जॅक तो पुरेसा मानत नाहीत आणि जेडनला वडिलांसोबत जाऊ दिले जाते.

आपल्याकडील कायद्याने येथे संदिग्धता ठेवलेली नाही. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण अधिनियम, २०१२ म्हणजेच पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार, असा अपराध घडल्याची माहिती असलेल्या किंवा घडण्याची धास्ती वाटणाऱ्या प्रत्येक व्यक्तीने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. पुरावा गोळा करणे ही कळवणाऱ्याची जबाबदारी नाही. न कळवल्यास कलम २१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या व्यक्तीचा अपराध दडवला तर कैद एका वर्षापर्यंत जाते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा तो निवडेल त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. ‘आधी संस्थेत चर्चा करू, बदनामी नको’ हे वाक्य कितीही सौम्य स्वरात उच्चारले तरी ते कायद्याविरुद्ध आहे आणि मुलाविरुद्ध तर आहेच.

८. ग्रेस रात्री बॅट घेऊन जेडनच्या घरात शिरते. चित्रपट याचे समर्थन करतो का?

मला तसे वाटत नाही. तो प्रसंग एका थकलेल्या, न ऐकल्या गेलेल्या बाईचे भान सुटल्याचा आहे. जेडन तिला रोखते. ग्रेस आपली कहाणी तिला सांगते, आणि दोघी मिळून वडिलांच्या गाडीवर राग काढतात. यापुढची गोष्ट अनेकांच्या नजरेतून निसटते: जेडनची सुटका बॅटमुळे होत नाही, ती स्वतः परत येऊन जॅक यांना सारे सांगते म्हणून होते. काळजीवाहकाने आपला भूतकाळ मुलासमोर उघडावा की नाही, यावर मात्र प्रामाणिक मतभेद आहेत. प्रशिक्षणात तसे करू नये असेच सांगितले जाते, कारण त्यामुळे सांभाळणाऱ्याचे ओझे मुलाच्या खांद्यावर येऊ शकते. चित्रपटात जे साधले ते साधले. कामाच्या ठिकाणी त्याची नक्कल करू नये. कर्मचाऱ्याने करावयाची कृती प्रश्न ७ मध्ये दिली आहे.

९. मार्कसला १८ पूर्ण होताच बाहेर पडावे लागते. आपल्याकडेही असेच आहे का?

बालगृहातील वास्तव्य १८ वर्षांपर्यंतच असते, पण कायद्याने मुलाला त्या दिवशी रस्त्यावर सोडलेले नाही. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४६ मध्ये अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधाराची तरतूद आहे. मिशन वात्सल्य योजनेखाली तो आधार २१ वर्षांपर्यंत आणि विशेष कारणाने २३ वर्षांपर्यंत देता येतो. त्यासाठी अर्ज, अहवाल आणि बाल कल्याण समितीचा आदेश लागतो, म्हणून जिल्हा बाल संरक्षण कक्षाशी अठरावा वाढदिवस तोंडावर येण्याच्या पुष्कळ आधी बोलणे सुरू करावे.

चित्रपट दाखवतो ती भीती मात्र कागदाने संपत नाही. मार्कस केस कापून घेतो आणि आईने मारल्याच्या खुणा डोक्यावर अजून आहेत का, हे पाहायला सांगतो. त्याआधी तो मेसनसमोर स्वतः रचलेले रॅप म्हणतो. मेसन शेजारी ताल धरतो आणि ओळी जसजशा उघड होत जातात तसतसा त्याचा चेहरा उतरत जातो. मुलाला बोलते करण्यासाठी मेसनने एकही प्रश्न विचारलेला नाही. त्यानंतरही मार्कस स्वतःला संपवण्याचा प्रयत्न करतो, हे दिग्दर्शकाने टाळले नाही, कारण एका चांगल्या संवादाने धोका टळतो असे या कामात धरून चालता येत नाही. गृह सोडण्याच्या आधीचे आठवडे सर्वांत जोखमीचे समजून त्या काळात मुलाला एकटे पडू देऊ नये.

१०. गृहातील सॅमी हा मुलगा फाटकाबाहेर पळाला की कर्मचारी त्याला हात लावत नाहीत. हा नियम आपल्याकडे लागू आहे का?

तो त्या गृहाचा आणि तेथील व्यवस्थेचा नियम आहे. फाटकाच्या आत मुलाला धरता येते. बाहेर गेल्यावर फक्त सोबत चालत बोलत राहायचे. जेडन निघून जाते तेव्हा ग्रेस तिच्यामागे वडिलांच्या घरापर्यंत जाते, घर रिकामे निघते आणि दोघी परततात. तो पाठलाग नाही, सोबत आहे, आणि म्हणूनच जेडन परत येते.

आपल्याकडे मूल संस्थेतून निघून गेल्यास पोलिसांना आणि बाल कल्याण समितीला ताबडतोब कळवावे लागते. खान्देशात अशा मुलांची वाट बहुधा रेल्वेकडे जाते, कारण भुसावळ जंक्शनवरून मुंबई, नागपूर आणि इटारसी अशा तिन्ही दिशांना गाड्या सुटतात, तर जळगावहून सुरतेचा फाटा निघतो. फलाटावर एकटे मूल दिसले तर रेल्वे सुरक्षा दलाला सांगावे किंवा १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर दूरध्वनी करावा. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ३२ नुसार, पालकांपासून ताटातूट झालेले मूल ज्याला सापडेल त्याने प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत माहिती देणे बंधनकारक आहे. त्याला घरी नेऊन ‘दोन दिवस सांभाळतो’ असे म्हणणे, हेतू चांगला असला तरी, योग्य नाही. आणि परत आलेल्या मुलाला मारू नये: संस्थेतील शारीरिक शिक्षा हा त्याच अधिनियमाच्या कलम ८२ नुसार अपराध आहे.

११. आमची नंदुरबारची आश्रमशाळा आहे. ती बालगृहात मोडते का?

नाही. शासकीय आणि अनुदानित आदिवासी आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाच्या अखत्यारीत येतात, आणि मूल तेथे पालकांनी घातलेल्या प्रवेशाने येते, समितीच्या आदेशाने नव्हे. पण प्रश्न ७ मधील पोक्सोचे बंधन मुख्याध्यापकांपासून स्वयंपाकघरातील कामाठ्यापर्यंत सर्वांना सारखेच लागू आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडची अनेक कुटुंबे ऊसतोडीला किंवा मजुरीला गुजरातेत जातात. त्यांच्या मुलांना सुटीत घेऊन जायला कोणी येत नाही. अधीक्षकांनी हा चित्रपट पाहताना जेडनच्या वाढदिवसाचा प्रसंग लक्षपूर्वक पाहावा. वडील येणार म्हणून ती तयार होऊन बसते आणि ते येत नाहीत. त्यानंतरच्या तिच्या थयथयाटाला शिस्तभंग म्हणायचे की दुःख, हे ठरवणारी व्यक्ती अधीक्षकच असते.

१२. महाविद्यालयात किंवा सभागृहात दाखवायचा असेल तर परवानगी लागते का?

घरगुती वर्गणीवर मिळालेला चित्रपट सभागृहात दाखवता येत नाही. हक्कधारकाची परवानगी घ्यावी. शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात, केवळ विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित व्यक्तींपुरते दाखवण्यास कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. बाहेरच्या प्रेक्षकांना बोलावले की ती सवलत लागू राहत नाही.

१३. बालगृहातील मुलांनाच हा चित्रपट दाखवावा का?

मुलांसाठी कार्यक्रम म्हणून दाखवू नये. आपल्याच जखमेचे दृश्य इतरांच्या देखत पाहावे लागणे, उठून जाण्याची सोय नसणे आणि नंतर सर्वांनी आपल्याकडे बघणे हे सोसणे कठीण असते. एखाद्या मोठ्या मुलाने किंवा मुलीने स्वतःहून मागितल्यास समुपदेशकाशी बोलून, एकट्याने किंवा त्याच्या आवडत्या कर्मचाऱ्यासोबत, मध्येच थांबवण्याची मोकळीक देऊन पाहू द्यावा. कर्मचाऱ्यांसाठी मात्र जरूर ठेवावा आणि त्या वेळी पाळी सांभाळणाऱ्यांसाठी दुसरा खेळ लावावा.

१४. आम्हाला अहिराणीत असाच लघुपट करायचा आहे. बालगृहातील मुले घेऊन चित्रीकरण करता येईल का?

अहिराणीत असा चित्रपट व्हावा अशी माझी मनापासून इच्छा आहे. अहिराणीतील चित्रफिती बहुतांशी विनोदाच्या वाटेने गेल्या आहेत, आणि या बोलीतील माया व तिखटपणा गंभीर कथेला किती पेलतो हे अजून पुरेसे पाहिलेच गेलेले नाही. पण बालगृहातील मुले पडद्यावर आणू नयेत. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ नुसार, अशा मुलाची ओळख पटेल असे नाव, पत्ता, शाळा किंवा छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. उल्लंघनास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. चेहरा धूसर केला तरी आवाज, गाव आणि शाळेचा गणवेश ओळख पटवून देतात.

कथा त्यांच्या जगाची असावी, कलाकार बाहेरचे असावेत. कलाकार १४ वर्षांखालील असेल, तर बालकामगारविषयक नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीविना सलग तीन तासांपेक्षा अधिक काम देता येत नाही, सलग २७ दिवसांपेक्षा अधिक काळ चित्रीकरण करता येत नाही, आणि मिळकतीपैकी किमान २० टक्के रक्कम मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावी लागते. खऱ्या संस्थेच्या इमारतीचा हट्ट धरू नये. जुन्या वसतिगृहाचे किंवा सुटीतील शाळेचे दालन पुरते. क्रेटन यांनी लिहिण्याआधी दोन वर्षे त्या कामात घालवली. तुम्हाला तेवढा काळ शक्य नसेल, तर निदान निवृत्त काळजीवाहक, परिविक्षा अधिकारी आणि बालगृहातून बाहेर पडून आता नोकरी-संसार करणारी प्रौढ माणसे यांच्याकडून संहिता वाचून घ्यावी, आणि त्यांनी ‘असं नसतं भाऊ’ म्हटले की ते पान पुन्हा लिहावे.